मळमळ, उमासा, ओकारी : दवाखान्यात नेमकं काय सांगायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात "जी घाबरते" असं सांगणारा पेशंट रोजचा. समोरचे डॉक्टर नुकतेच दुसऱ्या भागातून बदलून आलेले असतील, तर त्यांचा हात आधी नाडीकडे जातो आणि पुढचा प्रश्न येतो, "टेन्शन घेता का?" आपल्याकडे विदर्भात मात्र या दोन शब्दांत मळमळ असते, धडधड असते, दम कोंडणं असतं, उन्हानं आलेली ग्लानी असते आणि कधी नुसती भीतीही असते. जाणती आशाताई म्हणूनच लगेच फोड करून घेते : "काकाजी, ओकल्यासारखं वाटते, का छाती धडधडते, का दम पुरत नाही?" या तिन्हींचे रस्ते वेगवेगळे आहेत. ताई सोबत नसेल तर ही फोड आपण स्वतःच करून सांगावी.

मळमळ म्हणजे ओकारी येईल असं वाटणं. ओकारी आलेली नसते. जागा साधारण बेंबीच्या वर, बरगड्या जिथे मिळतात त्याखालच्या खळगीत, आणि तिथून घशाच्या मुळापर्यंत. सोबत थंड घाम, जांभया, पांढरा पडलेला चेहरा. तोंडाला अचानक पाणी सुटलं की बादली जवळ घ्यावी, आता फार वेळ नाही. शब्द स्त्रीलिंगी, मळमळ होते, वाटते, सुटते. त्याच्या क्रियापदाला कर्ता नसतो : मला मळमळतं. वऱ्हाडीत ळ चा य होतो, म्हणून गावात ऐकू येतं ते "मले सकायपासून मयमय होऊन राह्यली". बाहेरून आलेल्या सिस्टरने हे एकदा वहीत टिपून ठेवलं की पुढची दोन वर्षं सोपी जातात.

मळमळीच्या पुढची पायरी उमासा. यात पोटाचे स्नायू आणि श्वासाचा पडदा जोर करतात, लाट आल्यासारखं होतं, पण बाहेर काही पडत नाही. उमासे एकामागून एक येतात, म्हणून हा शब्द बहुधा अनेकवचनीच वापरला जातो. उमाळा वेगळा, तो मायेचा किंवा रडण्याचा. दोन्हींची गल्लत छापील मजकुरातही दिसते. नुसताच जोर लागून पोट रिकामं असेल तर ती कोरडी ओकारी, आणि खरंच पडलं तर ओकारी, उलटी किंवा खेड्यात वकारी. ओकणं हा शब्द शहरात अडाणी समजतात, तिथे उलटीही टाळून "व्हॉमिटिंग झालं" म्हणतात. वांती पुस्तकात राहते. आयुर्वेदात मळमळीला हृल्लास आणि ओकारीला छर्दी म्हणतात, म्हणजे तिथेही दोन गोष्टी दोन नावांनी वेगळ्या ठेवल्यात. बाकी मळमळ राजकारणातही असते. पुढाऱ्याने आपल्याच पक्षावर राग काढला की "मनातली मळमळ बाहेर पडली" असा मथळा ठरलेला.

आंबट पाणी घशाशी येणं ही ओकारी नाही. त्यात मळमळ नसते, उमासा नसतो, जोर लागत नाही; जेवून आडवं झालं की पाणी आपोआप वर येतं आणि घसा जळतो. अशा माणसाने "उलट्या होतात" असं सांगितलं तर उलटी थांबवायची गोळी मिळते आणि त्रास तसाच राहतो. हाच घोळ तान्ह्या बाळाचा. पाजल्यावर तोंडातून थोडं दूध बाहेर येतं, बाळ हसत-खेळत असतं, वजन वाढत असतं; त्याला गावात "दूध काढलं" म्हणतात आणि तोच शब्द बरोबर आहे. खांद्यावर घेऊन ढेकर काढली की पुरतं. पण बाळ जोरात, लांब उडेल असं ओकत असेल, किंवा ओकारीचा रंग हिरवा असेल, तर दृष्ट काढण्यात तासही घालवू नये. तान्ह्या बाळाची हिरवी ओकारी आतड्याला पीळ पडल्याची किंवा अडथळा असल्याची असू शकते, आणि तिथे सर्जनच लागतो.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा शब्द माझ्या मते "पित्त". मळमळ झाली, पित्त. डोकं दुखलं, पित्त. अंगावर गांधी उठल्या, तरी पित्त. एकदा हे नाव दिलं की पुढे कुणी काही विचारत नाही. ओकारीत शेवटी पिवळं-हिरवं कडू पाणी पडतं, ते पित्त खरंच. पण ते पडतं कारण जठर रिकामं झालेलं असतं आणि जोर लागून जठराला लागून असलेल्या आतड्यातला रस वर येतो. कारण काहीही असलं तरी चार ओकाऱ्यांनंतर तेच पडणार. "पित्ताचं डोकं" म्हणून ज्या बाया वर्षानुवर्षं अँटासिड घेतात, त्यांतल्या बऱ्याच जणींना अर्धशिशी असते : डोक्याची एक बाजू ठणकते, उजेड आणि आवाज सहन होत नाही, मळमळतं आणि ओकल्यावर थोडं बरं वाटतं. तिची औषधं वेगळी आहेत. पित्त म्हणून सोडून देऊ नये अशी आणखी एक ओकारी म्हणजे काळपट तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. तो जठरातला रक्तस्राव. अंगदुखीसाठी उपाशीपोटी डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेत राहणाऱ्या मजुरांत तो होतो.

पित्तापेक्षा आपली दोन क्रियापदं किती तरी कामाची आहेत : लागणं आणि बाधणं. ती कारण सोबत घेऊनच येतात. गाडी लागते, ऊन लागतं, तंबाखू लागते, सुपारी लागते. वांगं बाधतं, दूध बाधतं, शिळं अन्न बाधतं. "कशानं लागलं?" हा गावातला प्रश्न म्हणजे अर्धी तपासणीच. स्टँडवर मात्र "धारणीची गाडी लागली का?" याचा अर्थ फलाटावर उभी आहे का एवढाच असतो.

गाडी लागण्याचं कारण कान आणि डोळे यांची फारकत. कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं की आपण हलतोय, डोळ्यांना समोरच्या सीटची पाठ स्थिर दिसते, आणि मेंदू गोंधळतो. म्हणून मेळघाटात परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीला जाताना वळणावर मान खाली घालून मोबाइल पाहणारा आधी ओकतो, ड्रायव्हरला मात्र काही होत नाही. एसटीत पुढच्या भागात बसावं, समोर लांब पाहावं, खिडकी उघडी ठेवावी. काळीपिवळी जीपमध्ये आडव्या बाकावर बसण्यापेक्षा पुढे तोंड असलेली जागा मागून घ्यावी. पोट अगदी रिकामंही नको आणि तर्री-पोह्यांनी गच्च भरलेलंही नको. गोळी घ्यायची तर निघण्याआधी अर्धा ते एक तास. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी बाहेरच पडते. या गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे मोटारसायकल चालवणाऱ्याने घेऊ नयेत.

खर्रा (सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी) किंवा तंबाखू लागली की घेरी, थंड घाम आणि मळमळ एकदम येते. ते निकोटिनचं काम. थुंकावं, खळखळून चूळ भरावी, आडवं व्हावं. मोठ्या माणसाचं बहुतेक वेळा तासाभरात उतरतं. लहान मुलाने पुडी गिळली असेल तर उतरायची वाट पाहायची नाही. तसंच चंद्रज्योतीचं. शाळेच्या कुंपणाला हे झाड असतं, बिया चवीला शेंगदाण्याकडे झुकतात, आणि एकाने खाल्ल्या की दहा जण खातात. मळमळ, पोटात मुरडा, ओकाऱ्या, मग जुलाब. सहसा पाणी भरून काढलं की मुलं सावरतात, पण दवाखान्यात नेताना दोन बिया किंवा फांदी सोबत न्यावी. एरंडीची बी खाल्ली असेल तर प्रकरण जास्त गंभीर, आणि "काहीतरी रानातलं खाल्लं" एवढ्यावरून डॉक्टरांना ते कळत नाही.

आता फवारणी. इथे शब्दाचा घोळ जिवावर येतो. कीटकनाशकाला आपण "औषध" म्हणतो. औषध मारलं, औषध आणलं, औषध प्यायला. दवाखान्यातल्या खिडकीवर कुणी "औषधानं मळमळ होऊन राह्यली" म्हटलं तर समोरचा विचारणार, कोणती गोळी घेतली होती? त्यामुळे तिथे पहिलं वाक्य असं असावं : "कपाशीवर फवारणी केली, त्यानंतर मळमळ सुरू झाली." दुसरं वाक्य : किती वाजता सुरू केली, किती पंप मारले, डब्यावर काय नाव होतं, आणि दोन-तीन औषधं एकत्र केली होती का.

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो भरती झाले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या उंचीला गेली होती. फवारा कमरेखाली मारायच्या ऐवजी तोंडासमोर मारावा लागला, की धुकं श्वासातून आणि ओल्या कपड्यांतून कातडीतून आत जातं. नोझल चोंदलं की तोंडाने फुंकणं, त्याच हाताने खर्रा तोंडात टाकणं, वाऱ्याच्या विरुद्ध चालणं, गळका पंप पाठीवर वागवणं, हे दरवर्षीचे रस्ते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गनोफॉस्फरस गटातली विषं शरीरातलं एक एन्झाइम अडवतात, आणि ग्रंथी व स्नायूंना मिळणारा "चालू राहा" हा संदेश बंद होत नाही. म्हणून सगळं पाझरायला लागतं : लाळ, घाम, डोळ्यांतलं पाणी, छातीतला कफ, जुलाब. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते, धूसर दिसतं, मांसाचे तुकडे कातडीखाली फडफडतात. मळमळ यात सगळ्यांत आधी येणाऱ्यांपैकी. दुपारची वेळ असते, ऊन असतं, म्हणून "ऊन लागलं असंन" म्हणून माणूस झाडाखाली बसतो, पाणी पितो आणि उरलेले दोन पंप संपवायला उठतो. फरक बाहुली आणि लाळ पाहून कळतो. ऊन लागल्याने बाहुली टाचणीएवढी बारीक होत नाही, तोंडातून लाळ गळत नाही. पण प्रत्येक कीटकनाशकाची लक्षणं अशीच नसतात, त्यामुळे बाहुली ठीक दिसते म्हणून घरी ठेवणंही चूक. फवारणी करताना किंवा त्यानंतरच्या दिवसभरात मळमळ झाली, की ती विषाचीच धरायची.

करायचं काय? पंप तिथेच ठेवून वारा जिकडून येतो त्या बाजूने शेताबाहेर यावं. सगळे कपडे काढावेत, चड्डी-बनियनसकट. साबण आणि भरपूर पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवावं : केस, नखं, कानामागे, काख, जांघ. धुणाऱ्याने हाताला प्लॅस्टिकची पिशवी तरी बांधावी, नाहीतर दुसरा पेशंट तयार होतो. मिठाचं पाणी पाजून किंवा घशात बोटं घालून ओकारी काढू नये. बरीच कीटकनाशकं रॉकेलसारख्या द्रवात मिसळलेली असतात आणि ओकताना ती फुप्फुसात शिरली तर आणखी बिघडतं. कातडीतून गेलेलं विष ओकून निघतही नाही. दूध, तूप, ताक काही नको. डाव्या कुशीवर झोपवून 108 ला फोन करावा, आणि डबा किंवा निदान त्यावरचं लेबल सोबत न्यावं. लेबलवरच्या चौकोनाचा रंग विषाची तीव्रता सांगतो : लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा अर्थ नाही.

दवाखान्यात अ‍ॅट्रोपिन हा उतारा दिला की लाळ थांबते, मळमळ कमी होते, पेशंट उठून बसतो. नातेवाईक म्हणतात, सुट्टी द्या. इथेच थांबायचं असतं. या गटातल्या विषाने साधारण 1 ते 4 दिवसांनी मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. उशीवरून डोकं उचलता येत नाही ही त्याची पहिली खूण, आणि ती घरी दिसली तर व्हेंटिलेटर फार लांब असतो.

खरं ऊन लागतं ते एप्रिल-मेमध्ये. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी 45 अंशांच्या पुढे जातात. डोकेदुखी, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आणि भरपूर घाम, पण माणूस नीट बोलतोय, अशी स्थिती असेल तर सावलीत आडवं करून पाय उंच ठेवावे, ओल्या दुपट्ट्याने अंग पुसावं, जलसंजीवनी (ओआरएस) किंवा मीठ घातलेलं कैरीचं पन्हं घोट घोट द्यावं. बरळायला लागला, झटका आला, अंग भट्टी झालं, तर तो उष्माघात. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. अंगावर पाणी ओतत, वारा घालत, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवत न्यायचं. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

बाईला मळमळ झाली की गावात आधी महिना मोजतात, आणि ते ठीकच आहे. आरोग्यपत्रकांत "सकाळची मळमळ" छापलेलं असतं, त्यामुळे दुपारी फोडणीच्या वासाने किंवा चुलीच्या धुराने उमासे आले की सासूला ते नाटक वाटतं. गर्भारपणातली मळमळ दिवसभरात केव्हाही होते. ती बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास जोरात असते आणि बहुतेकींची चौथ्या महिन्यापर्यंत ओसरते. अंथरुणातून उठायच्या आधी मूठभर मुरमुरे किंवा फुटाणे, दर दोन तासांनी थोडं खाणं, पाणी जेवताना न पिता मधल्या वेळेत, अद्रकाचा तुकडा. एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. "कडक डोहाळे" म्हणून मात्र सगळं सोडून देऊ नये. पाणीही टिकत नसेल, लघवी गडद आणि दिवसातून एक-दोनदाच होत असेल, वजन उतरत असेल, तर सलाईन लागतं.

चौथ्या महिन्यापासून आशाताई देतात ती लोहाची लाल गोळीही मळमळ करते, आणि म्हणून किती तरी गोळ्या परसात फेकल्या जातात. ती रात्री जेवणानंतर तासाभराने घ्यावी, चहासोबत नको, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नको. गोळीने शी काळी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. पाचव्या महिन्यानंतर नव्याने ओकाऱ्या सुरू झाल्या, सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांसमोर काजवे, पोटाच्या वरच्या भागात दुखणं, तोंडावर सूज, तर डोहाळे हा शब्दच काढू नये. रक्तदाब मोजायला त्याच दिवशी न्यावं.

पोटाशी संबंध नसलेल्या मळमळी आणखी दोन. पन्नाशीच्या पुढच्या माणसाला, विशेषतः शुगर असलेल्याला, घाम फुटून मळमळ आणि छातीच्या खळगीत दाब असेल, तर गॅसची गोळी देऊन झोपवू नये, ईसीजी काढावा. बायांमध्ये हृदयविकाराचा झटका असा छातीत कळ न येताही येतो. दुसरी पावसाळ्यातली. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखी आणि ओकारीने उठला, पापण्या जड वाटतायत, गिळताना अडतंय, तर अंगावर दंशाची खूण दिसो वा न दिसो, मण्यार साप चावला असं धरून चालायचं. तिचा दंश झोपेत जाणवतही नाही.

साध्या ओकारीत खरी भीती पाणी कमी होण्याची. जलसंजीवनीचं मोठं पाकीट पूर्ण 1 लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट ग्लासात घालून दिलं की ते खारट, दाट होतं, मूल पुन्हा ओकतं आणि "मुलाला ओआरएस चालत नाही" असा शेरा बसतो. पाकीट नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाणी, साखर 6 सपाट चहाचे चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. मीठ अंदाजाने घालायचं नाही. ओकारी झाल्यावर दहा मिनिटं थांबावं, मग मुलाला दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. तहानेने मूल ग्लास ओढतं, आणि द्यावासा वाटतो. एकदम प्यायलं की पोट ताणून पुन्हा बाहेर येतं. केलेलं पाणी चोवीस तासांनंतर फेकावं. अंगावरचं दूध चालूच ठेवावं.

उलटी थांबवायच्या गोळ्या दुकानातून आणून मुलांना देण्याबद्दल एकच सांगायचं. मेटोक्लोप्रमाइडने काही मुलांची मान एका बाजूला वळून आखडते, डोळे वर जातात, जीभ बाहेर येते. घरचे मुलाला झटका आला किंवा बाहेरची बाधा झाली समजून भलतीकडे धावतात. प्रत्यक्षात ते त्या औषधाचंच काम असतं आणि दवाखान्यात एका इंजेक्शनने थोड्या वेळात उतरतं. फक्त कोणती गोळी किंवा कोणतं पातळ औषध दिलं होतं, ते रिकाम्या पाकिटासकट दाखवावं लागतं.